ट्रान्सफॉर्मरवरचा कडता

दहा जून, रविवार. सकाळी अकराच्या सुमारास, बाभुळगावच्या आमच्या घराच्या ओसरीवर, विजूदादाच्या अर्धवट राहिलेल्या अँप्लिफायरच्या सुट्या सामानाचे साडेसहाशे रुपये ठरले. हजर होतो आम्ही पाच जण. माझे वडील, आई, त्या दिवशी सकाळीच वणीहून कोळशाच्या ट्रकमधून उतरलेला माझा मोठा भाऊ विजू, सामान घ्यायला आलेले सुधाकरभाऊ मंडपवाले आणि मी. ‘ठरले’ असं लिहिते आहे, ‘दिले’ असं नाही. त्या साडेसहाशेत चूक होती आणि ती मी तिथेच, चहाचे कप उचलता उचलता दाखवली. कोणाला ती चूक वाटली नाही, याचा राग मला आजही आहे. वय पन्नाशीकडे झुकलं की जुने राग विरतात म्हणतात. माझे काही विरले, हा नाही.

माझे वडील कापसाच्या बाजारात मापारी होते. गाडीतून उतरलेला कापूस काट्यावर चढला की वजन मोठ्यानं सांगायचं, आणि त्यांनी सांगितलेला आकडा व्यापाऱ्यानंही मानायचा आणि कास्तकारानंही, हे त्यांचं काम. त्यांचा आवाज असा होता की यार्डाच्या फाटकाबाहेर चहा पिणाऱ्यालाही आपलं वजन कळायचं. पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, मग दोन, मग तीन. घरीसुद्धा तसंच. आईनं दळणाचे डबे मोजायला सांगितले तरी पहिला डबा ‘लाभ’. आम्हाला त्याची इतकी सवय होती की पहिलीत असताना मी बाईंसमोर पाढे ‘लाभ’पासून सुरू केले होते आणि सगळा वर्ग हसला होता. वजन सांगून झालं की त्याच दमात बाबा कडता सांगायचे. कापूस ओला असेल, त्यात माती-पालापाचोळा असेल, पोत्याचं वजन असेल, म्हणून व्यापारी प्रत्येक मापामागे जे वजन कापून घेतो, तो कडता. कापूस कडकडीत वाळलेला असला तरी कडता जायचाच. तो बाबांच्या खिशात जात नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. त्यांना फक्त तोलाई, म्हणजे तोलण्याची मजुरी, मिळायची. पण शब्द त्यांच्या तोंडचा होता. ‘बेचाळीस, कडता जाऊन एक्केचाळीस.’ हे वाक्य मी अंगाईसारखं ऐकत मोठी झाले.

ते दिवस कापसाला वाईट होते. अळीनं बोंडं पोखरली होती, जो कापूस हाती आला त्याला भाव नव्हता, आणि भाव वाढेल म्हणून लोकांनी तो घरातच ठेवला होता. शेजारच्या घरात तर माणसं ओसरीवर झोपत होती आणि कापूस आतल्या खोलीत. काट्यावर गाड्याच येईनात, तर तोलाई कुठून येणार? फेब्रुवारीतच बाबा दुपारी घरी दिसू लागले. भाकरीबरोबर वरणाऐवजी पीठ लावून शिजवलेलं आलण येऊ लागलं, तेही पातळ. बाबा बसल्या बसल्या घरातल्या वस्तू हातात घेऊन वजन सांगायचे. पाटा, बत्ता, पाण्याची घागर. आई म्हणायची, “आता मलेच बसवा काट्यावर, म्हंजे झालं.”

विजूदादानं अँप्लिफायर बनवायला घेतला तो त्याच्या आदल्या पावसाळ्यात. यवतमाळला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तो वर्षभर बसला होता आणि तिथं त्याला वाटलं की लग्नाच्या वाजंत्रीचं यंत्र आपण स्वतः करू शकतो. गावात लग्नांना लाऊडस्पीकर, दिवे, मंडप सगळं सुधाकरभाऊंचं. दादाचं म्हणणं, त्यांच्या निम्म्या भाड्यात आपण देऊ. आमच्या मधल्या खोलीत लाकडी फळीवर ते यंत्र हळूहळू उभं राहिलं. चार पॉवर ट्रान्झिस्टर, ज्यांना दादा त्यांच्या नंबरावरून ‘तीस-पंचावन्न’ म्हणायचा. त्यांना थंड ठेवायला अल्युमिनियमची जाड पट्टी. डब्यासारखे दोन कपॅसिटर. आणि प्लायवूडच्या खोक्यांत बारा-बारा इंची दोन स्पीकर. सोल्डरिंगचा तो राळेसारखा वास रात्रीच्या फोडणीत मिसळायचा आणि आई पदर नाकाला लावायची. दादानं ते पहिल्यांदा चालू केलं तेव्हा भिंतीवरची ताटं थरथरली. पण गाण्याच्या खाली एक सारखा आवाज होता, घुंऽऽऽ असा, गाणं थांबलं तरी न थांबणारा. त्यानं वायरी बदलल्या, अर्थिंगसाठी अंगणात सळई ठोकली, तिच्याभोवती मीठ आणि कोळसा घातला. आवाज गेला नाही. शेवटी चुलतमामाच्या घरी बारशाला ते लावलं, तर आलेल्या म्हाताऱ्या बायका आईला विचारू लागल्या, “काहो, पिठाची गिरणी घेतली काय तुमी?” दादा जेवला नाही त्या दिवशी.

त्या यंत्रातली सगळ्यात जड वस्तू, ट्रान्सफॉर्मर, माझ्या पैशांची होती. हे मी नीट लिहिते, कारण पुढे सगळ्यांनी ते विसरल्यासारखं केलं. बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी शेजारच्या बायांबरोबर पंधरा दिवस कापूस वेचायला गेले. दीड रुपया किलो. पहाटे ओटी बांधून निघायचं, दुपारी शेताच्या धुऱ्यावर बसून भाकर आणि ठेचा खायचा, संध्याकाळी शेतमालकाच्या काट्यापुढे रांग. बोंडाच्या कडा नखांच्या बाजूला लागून बोटं अशी चिरायची की पेन धरवत नसे. आणि तिथंही रोज एक किलो कापायचे. फडक्याचं वजन आणि दव म्हणून. संध्याकाळी पाच वाजता दव! पंधरा दिवसांचे पंधरा किलो, साडेबावीस रुपये. ते जाऊन हातात आले पाचशे चाळीस. मी ते पुढच्या शिक्षणासाठी ठेवले होते. दादा म्हणाला, “नंदे, पह्यल्या लग्नाचे पैसे आले की तुये पाचशे चाळीस आधी.” मी दिले. त्याच्याबरोबर यवतमाळला जाऊन ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या माणसाच्या दुकानात बसून तो गुंडाळताना पाहिला. तांब्याची तार लाखेनं चमकत होती, आणि दर थरावर तो पिवळा कागद लावत होता. परत येताना एसटीत मी ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेतला होता. मांडीला रग लागली, पण मी दादाकडे दिला नाही.

पहिलं लग्न आलंच नाही. त्या वर्षी लोकांनी लग्नं पुढं ढकलली, केली ती देवळात केली. मार्चमध्ये दादा वणीला गेला आणि एका ट्रकवर क्लीनर झाला. यंत्र मधल्या खोलीत पोत्याखाली राहिलं. जूनच्या सुरुवातीला माझा निकाल लागला. यवतमाळच्या कॉलेजात बी.कॉम.च्या प्रवेशाला सहाशे वीस रुपये लागत होते, शेवटची तारीख पंधरा जून. बाबा म्हणाले पैसे नाहीत. मग दोन दिवसांनी म्हणाले, “थे भंगार खोली अडवून राह्यलं, इकून टाका.” मला वाटलं, माझ्यासाठीच विकताहेत. शनिवारी आईकडून कळलं की दादाला जड वाहनाचं लायसन्स काढायचं आहे आणि पैसे त्याच्यासाठी आहेत.

तर रविवार. दादा आला म्हणून आईनं पातोडीची भाजी केली होती. बेसन तिनं कुठून आणलं, मी विचारलं नाही. सुधाकरभाऊ मोटारसायकलवर आले, मागे गोणपाट आणि एक स्प्रिंगचा काटा बांधलेला. माणूस वाईट नव्हता, गोड बोलायचा. खोके पाहून म्हणाले, “विजू, मशीन त तू बम बनवली बेटा. पण गाणं कमी आन् भुंगा जास्त.”

“भुंगा फुकट देऊन राह्यलो भाऊ,” दादा म्हणाला, “तुमी फक्त सामानाचे द्या.”

सगळे हसले, मीही. मग एकेक वस्तूचा भाव लागला. स्पीकर एकशे वीसला एक. ट्रान्झिस्टर पंधराला एक, कारण ‘एकदा सोल्डर लागलं की नव्याचा भाव नाही.’ कपॅसिटर वीस-वीस. अल्युमिनियमच्या पट्टीचे शंभर. इथवर चारशे चाळीस झाले. शेवटी सुधाकरभाऊंनी ट्रान्सफॉर्मरला पायानं हलकंसं ढकललं. “हे त भंगारातच जाईन. तांबं-लोखंड मिळून तीस रुपये किलो लावतो.” आणि त्यांनी काटा काढला.

काटा दिसला आणि बाबा उठले. चार महिने त्या हाताला काटा लागला नव्हता. “द्या इकडे,” म्हणाले. ट्रान्सफॉर्मरला दोरी बांधली, आकड्यात अडकवला, हात डोक्यापर्यंत उचलला आणि काटा स्थिर होईपर्यंत असे उभे राहिले जसे यार्डात राहायचे, पाय फाकवून, मान थोडी तिरपी. मग त्यांचा तो आवाज आला. शेजारची माणसं दारात आली इतका मोठा.

“लाऽऽभ! साडेसात, कडता जाऊन सात!”

सुधाकरभाऊंनी कडता मागितला नव्हता. भंगाराच्या धंद्यात तो शब्दच नाही. बाबांकडे एकदा पाहून ते घाईनं म्हणाले, “सात. सात तिये एकवीस, दोनशे दहा. सारे मिळून साडेसहाशे झाले.”

मी कप खाली ठेवले. “बाबा, कडता कायचा?”

बाबा गोंधळले. “सवयीनं निंघालं वं तोंडातून.”

“मंग साडेसात म्हणा.”

“एकदा बोललो त बोललो. मापाऱ्याचं तोंड फिरत नसते, नंदा.”

“अर्ध्या किलोनं काय होते पोरी,” सुधाकरभाऊ म्हणाले.

“पंधरा रुपये होते. अर्ध्या दिवसाची रोजी होते.” माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येईना. “बाबा, तांब्यात सरकी असते काय? लोखंडावर दव पडते काय?”

“जीनमधी नेऊन सरकी काढून पाय,” दादा म्हणाला आणि स्वतःच हसला.

“तू हासू नको. याच्यात माहे पाचशे चाळीस हायेत. शेतात माह्यावर कडता काढला, आता त्याच पैशाच्या वस्तूवर घरात कडता काढून राह्यले. दोनदा!”

बाबा खाली पाहत होते. त्यांच्या हातात ट्रान्सफॉर्मर अजून लोंबत होता. मी तो काढून घेतला. दादाच्या हत्यारांच्या डब्यातून वायर कापायची पक्कड घेतली आणि ओसरीच्या पायरीवर बसले. रागात माणसाला कधी कधी नेमकं सुचतं, एवढंच. मी म्हणाले, “भाऊ, भंगारच न्यायचं ना? मंग ह्या बाहेर आलेल्या वायरी मुळापासून कापते आन् वरचा कागद फोडून देते. तांबं तेवढंच भरन. तुमाले काय फरक पडते?” आणि पक्कड पहिल्या तारेवर ठेवली.

“अवं अवं अवं! थांब ना बाई!” सुधाकरभाऊ ओसरीवरून इतक्या चटकन उठले की त्यांची टोपी पडली. “चालू वस्तू खराब करून राह्यली तू!”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. दादा आता खरंच हसत होता, पोट धरून. “भाऊ, मंग हे भंगार हाय का चालू वस्तू? एक काई तरी सांगा.”

सुधाकरभाऊंच्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर लग्नसराईत जळला होता, ते त्यांनी मग स्वतःच सांगितलं. त्यांना अगदी असाच हवा होता. नवा साडेपाचशेच्या खाली मिळत नव्हता, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी चारशे म्हटलं, ते तीनशे म्हणाले, साडेतीनशेवर ठरलं. आधीचे चारशे चाळीस आणि हे साडेतीनशे, सातशे नव्वद. त्यांनी पैसे मोजले, टोपी झटकली, आणि जाताना बाबांना म्हणाले, “मापारी, तुमची पोरगी यार्डात बसवा. सारे व्यापारी पयून जातीन.” त्यांना ते कौतुक वाटलं असावं. मला वाटलं नाही. ज्या माणसानं चालू वस्तू किलोवर मागितली, त्यानं माझं कौतुक करावं आणि माझ्या घरच्यांनी त्यावर हसावं, याचा मला अजून अर्थ लागत नाही.

आणि खरा राग तर पुढेच आहे. बाबांनी नोटा घेतल्या, पाचशे वेगळे केले आणि दादाला दिले. “लायसनचे.” उरलेले दोनशे नव्वद माझ्यापुढे धरले. “हे तू ठेव. कॉलेजचं पुढच्या साली पाहू.”

मी हात पुढे केला नाही. “माहे पाचशे चाळीस होते.”

“घरातलं घरात हाय, नंदा. घरात हिशोब नसते.”

हे त्यांनी म्हटलं. ज्यांनी वीस वर्षं पावशेरही इकडचा तिकडे होऊ दिला नाही, यार्डात ज्यांच्या आकड्यावर दोन गावांची भांडणं मिटायची, ते माझे वडील आपल्या ओसरीवर मला सांगत होते की घरात हिशोब नसतो. मी आता एका पतसंस्थेत लेखनिक आहे. रोज कोणी ना कोणी खिडकीशी येऊन हेच वाक्य म्हणतो आणि बहुतेक वेळा त्याच्या शेजारी एक बाई गप्प उभी असते. त्या दिवशी मी गप्प नव्हते, पण रडू येत होतं. दादा नोटा हातात घेऊन उभा होता, खिशात घालत नव्हता, परतही देत नव्हता.

आई तोवर दाराच्या चौकटीत होती. हाताला बेसन लागलेलं. ती बाबांना म्हणाली, “घरात हिशोब नसते, त मंग घरात कडता काहून काढला?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आमच्या शेजारणी अजून दारात होत्या, त्यांच्यातली एक फिस्सकन हसली. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी दादापुढे हात केला. दादानं पाचशे परत दिले, काहीसं सुटल्यासारखं वाटून. बाबांनी सगळे पैसे पायरीवर ठेवले आणि पुन्हा मोजले. यार्डातल्यासारखे नाही, अगदी हळू, ओठातल्या ओठात. माझ्याकडे पाचशे चाळीस सरकवले. दादाकडे अडीचशे. “जेवाले वाढ,” आईला म्हणाले आणि हात धुवायला मोरीकडे गेले. माझं चुकलं, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत आणि नंतरही कधी म्हणाले नाहीत. वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यांच्याबद्दल मी चांगलं खूप सांगू शकते. पण हे एक त्यांनी म्हणायला हवं होतं.

पातोडी छान झाली होती. दादानं आपल्या ताटातल्या दोन वड्या उचलून माझ्या ताटात टाकल्या आणि मी त्या खाल्ल्या. जेवणानंतर तो वणीच्या गाडीला गेला. लायसन्स त्यानं पुढं दिवाळीत काढलं, मालकाकडून उचल घेऊन.

सहाशे वीसला ऐंशी कमी होते. ते मी घरात मागितले नाहीत. सोमवार ते बुधवार तीन दिवस धसकटं वेचायला गेले, तीस रुपये रोजानं नव्वद आले. दहा एसटीला गेले. शुक्रवारी यवतमाळला कॉलेजच्या खिडकीवर रांगेत उभी राहिले. बाबूंनी पैसे घेतले, पावती फाडली आणि ‘पैसे भरणाऱ्याचे नाव’ या ओळीवर माझ्या वडिलांचं नाव लिहिलं. मी म्हटलं, हे त्यांनी भरलेले नाहीत. ते म्हणाले, मुलींच्या पावतीवर वडिलांचंच नाव घालतो, पद्धतच आहे. मी खिडकी सोडली नाही. मागची मुलं ओरडू लागली. शेवटी बाबूंनी वैतागून ती ओळ खोडली, वर लिहिलं आणि सही केली.

पंधरा जून, शुक्रवार. मिळाले रुपये सहाशे वीस फक्त. भरणार, कु. सुनंदा, स्वतः.